आई कुणाचं बोलत होती

त्या दिवशी बारकीनं दुपारीच दुकानाचं शटर ओढलं आणि ती मावशीला आणायला बसथांब्यावर गेली. काम साधंच होतं. थांब्यावर उभं राहायचं, मावशी उतरली की तिच्या हातातली पिशवी घ्यायची, आणि घरी यायचं.

बारकी हे तिचं घरातलं नाव. आता ती चांगली चाळिशी ओलांडलेली, अंगापिंडानं भरलेली बाई होती, पडद्यांचं दुकान चालवत होती, दोन शिंपी तिच्या हाताखाली होते. तरी नाव बारकीच राहिलं. ठेवलं होतं आईनं, आणि आता ते आठवत नव्हतं तेही आईलाच.

आई दुभाषी होती. मोठमोठ्या परिषदांमध्ये सभागृहाच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली असते, तिथे कानाला हेडफोन लावून ती बसायची. वक्ता एका भाषेत बोलतोय, आई त्याच क्षणी ते दुसऱ्या भाषेत माइकवर सांगतेय. एकीकडे ऐकायचं, दुसरीकडे बोलायचं, आणि पुढचं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. या कामानं माणूस पिळून निघतो, म्हणून काचेच्या खोलीत कायम दोघी असत. एकीनं अर्धा तास बोलायचं, मग दुसरीनं अर्धा तास. बोलणारीला वेळेचं भान नसतं, म्हणून घड्याळ बघायचं ते गप्प बसलेलीनं. वेळ झाली की तिनं बोलणारीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि वाक्य तिथूनच पुढे उचलायचं. हात पडल्याशिवाय बोलणारी थांबायची नाही. आणि बोलायचं ते कायम वक्ता होऊन. मंत्री 'मी आश्वासन देतो' म्हणाला की आईही खणखणीत आवाजात 'मी आश्वासन देतो' म्हणायची. लहानपणी बारकीला याची फार गंमत वाटायची.

मावशी म्हणजे आईची काचेच्या खोलीतली जोडीदारीण. सख्खी बहीण नव्हे, पण सख्ख्या बहिणींनी हेवा करावा अशी. निवृत्तीनंतर ती दुसऱ्या गावी राहायला गेली होती. बसमधून उतरतानाच तिनं बारकीला खालून वर न्याहाळलं.

"तुझं नाव बदलायला हवं गं आता," ती म्हणाली.

बारकी हसली, पण तिचं हसू काही टिकलं नाही. वाटेत तिनं मावशीला सगळं सांगून टाकलं. आईला स्मृतिभ्रंश झाला होता. माणसं ओळखत नव्हती, आणि डोळे उघडल्यापासून झोप लागेपर्यंत नुसतं पुटपुटणं चालायचं. बारकीला दुकान सोडून घरी बसणं शक्य नव्हतं. उद्या शुश्रूषागृहाची गाडी येणार होती. तिथल्या नर्सनं फोनवर सांगितलं होतं, की काळजी करू नका, बडबड करणाऱ्यांना आम्ही गोळी देतो, मग शांत राहतात.

"मला एवढंच हवंय मावशी," बारकी म्हणाली, "की तिनं एकदा शुद्धीवर येऊन सांगावं. ने म्हणावं, नाहीतर नको नेऊस म्हणावं. तिला न विचारता मी तिला सामानासारखी कशी पाठवू? तुला बघून कदाचित..."

"अगं, पण तिला हा आजार व्हावाच कसा? जन्मभर डोकंच तर चालवलं तिनं."

"मीही डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, अशा माणसांना होतच नाही असं नाही, पण बऱ्याचदा उशिरा दिसतो. डोक्याला कामाची सवय असते, एक वाट बंद झाली की ते दुसरी काढतं. आजार आत येऊन बसलेला असतो, पण काम निभावतंय तोवर कळत नाही. आणि कळतो तेव्हा बरंच पुढे गेलेलं असतं." बारकीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी विचारलं, आणि जन्मभर पडदे शिवणाऱ्यांचं काय? तर हसले. म्हणाले, पडद्यालाही डोकं लागतं."

"लागतंच," मावशी म्हणाली. पण हे वाक्य तिनं जरा घाईनंच म्हटलं, आणि बारकीच्या ते लक्षात आलं.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलेली होती, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. शेजारीण तिच्यापाशी थांबली होती, ती बारकी येताच सुटल्यासारखी निघून गेली. आईचं पुटपुटणं चालूच होतं. बारकीनं ते ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं. घरातला फ्रिज घुं घुं करतो, तसं आईचं तोंड चालतं, एवढंच.

मावशी हात पसरून पुढे गेली आणि मध्येच थबकली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"काय झालं?" बारकीनं विचारलं.

"शू... ऐकू दे."

आईचा आवाज बारीक होता, पण शब्द सुटे सुटे आणि स्वच्छ होते. बारकीनं कित्येक दिवसांत पहिल्यांदा कान दिला.

"...माननीय अध्यक्ष, मी याबद्दल तक्रार करत नाही. मी पुष्कळ काळ बाहेर थांबलो. तेव्हा आत फार गर्दी होती, कामाची वर्दळ होती, मला पाय ठेवायला जागा नव्हती. मी निवृत्तीची वाट पाहिली. आता एकेक खोली रिकामी होत आहे, आणि मी ती रीतसर ताब्यात घेत आहे..."

"ही असंच काहीबाही बोलते," बारकी पटकन म्हणाली. "स्वतःला पुरुष समजते. डॉक्टर म्हणाले..."

"ही बडबड नाही गं." मावशीचा आवाज एकदम खाली आला होता. "ती मध्ये थांबते ना, तेव्हा बघ तिच्याकडे. ऐकतेय ती. आधी पुरतं ऐकते, मग बोलते, वक्ता वाक्यावाक्याला थांबायचा त्या बैठकांत करायचो तसं. तिच्या शेजारी मी उभा जन्म काढलाय, मला कळत नाही का? बारके, ही काम करतेय."

"कुणाचं काम? इथे आहे कोण?"

 मावशी खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसली. "किती वेळ झाला हिला?"

"वेळ कसला? चार-पाच महिने झाले असतील."

"एवढे महिने कुणी हिच्या खांद्यावर हात नाही ठेवला?" मावशी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

बारकी तिला अडवणार होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण मावशीनं डोळे मिटले, मान जरा कलती केली, जशी कानात काही नीट बसवावं, आणि हात आईच्या खांद्यावर ठेवला.

आई वाक्याच्या मधोमध थांबली. उरलेलं वाक्य मावशीच्या तोंडून आलं, त्याच चालीत, त्याच सभ्य स्वरात. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आईनं दीर्घ श्वास सोडला. मग तिनं मान वळवली, डोळे किलकिले केले.

"बारके," ती म्हणाली, "किती जाड झालीस गं तू!"

बारकी मटकन खाली बसली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. दुकान कसं चाललंय, तो तिरळा शिंपी अजून आहे का, भिंतीला हा भयंकर रंग कुणी दिला, सगळं तिनं विचारलं. ही आईच होती, जिभेच्या धारेसकट. हातभर अंतरावर मावशी डोळे मिटून बोलत होती, आणि त्या बोलण्याला दोघीही पाठ करून बसल्या होत्या.

शेवटी बारकीनं धीर केला. गाडीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं.

"बोलणं बंद करायची गोळी?" आईचा हात केसांतच थांबला. "नको, बारके. मला कुठेही ठेव, पण गप्प करू नका. मी सांगत असते तोवर त्याला माझ्यासाठी थांबावं लागतं. वाक्य झालं की तो थांबतो, मी ते सांगते, मगच पुढचं. तेवढाच काय तो वेळ मिळतो मला. मी गप्प झाले तर तो कशाला थांबेल?"

"कोण तो, आई?"

"वक्त्याकडे आम्ही बघत नाही गं. बघितलं की शब्द निसटतात."

बाहेर अंधारून आलं होतं. खोलीत एक वास भरला होता, बराच काळ बंद असलेल्या मोठ्या सभागृहाचा, गालिच्यातल्या धुळीचा आणि तापलेल्या तारांचा. बारकीला वाटलं, दिवा लावावा, पण उठवेना. आजूबाजूला पुष्कळ माणसं शिस्तीत बसून ऐकत असावीत, अशी ती शांतता होती.

मावशीच्या कपाळावर घाम डवरला होता. आवाज घोगरा झाला होता. बारकीनं घड्याळाकडे बघितलं.

"आई... अर्धा तास होऊन गेला."

"दिसतंय मला," आई म्हणाली.

आणि तिनं आपली खुर्ची सरकवली. थोडीशीच, घड्याळ पाठीमागे जाईल एवढी.

बारकीनं खुर्ची धरून ठेवली. "आई, ती थांबायची नाही. तू हात ठेवल्याशिवाय ती..."

"माहीत आहे." आईनं तिच्याकडे बघितलं नाही. "ती माझ्याहून हुशार. सगळे म्हणायचे. टिकेल ती. अजून थोडा वेळ, बारके. चहा कर ना माझ्यासाठी. किती महिन्यांत चहाची चव कळली नाही मला."

बारकी उठली आणि दारापाशी जाऊन थांबली. दोन पावलांवर मावशीचा खांदा होता. हात ठेवायचा, एवढंच काम. मग मावशी सुटली असती, पण वाक्य आईलाच उचलावं लागलं असतं, आणि ती पुन्हा भिंतीकडे बघत बसली असती. उद्या गाडी आली असती. बारकीनं हात पुढे केला. ज्या बाईनं एवढा प्रवास करून येऊन, कुणी न सांगता हे ओझं उचललं, तिचे ओठ आता सुकून पांढरे पडले होते.

"बारके," आई खुर्चीतूनच म्हणाली, "साखर जरा जास्त घाल हं."

त्या हाकेनं तिचा हात खाली आला. ती स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात पाणी घातलं, गॅस पेटवला. आपण फक्त चहा करतोय, असं तिनं स्वतःला बजावलं. चहाला काय वेळ लागतो? चहा झाला की ठेवू हात. पाणी उकळलं, चहा झाला, तिनं तो गाळला, आणि नंतरही ती उगाच ओटा पुसत राहिली.

ती कप घेऊन दारात आली तेव्हा मावशीच्या बोलण्यातले थांबे संपले होते. वाक्यामागून वाक्य येत होतं. आई दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे गच्च मिटून बसली होती. बारकीनं कप कसाबसा टेकवला, धावत जाऊन मावशीचा खांदा धरला आणि गदागदा हलवला.

मावशीनं डोळे उघडले. ते निवांत होते, आणि त्यांत कुणीच ओळखीचं नव्हतं.

"समारोप करण्यापूर्वी," ती म्हणाली, "दारात उभ्या राहिलेल्या बाईंचे मला आवर्जून आभार मानायचे आहेत. हात ठेवायचा की नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी मला वेळ दिला. त्यांच्याकडे जागा भरपूर आहे, आणि वर्दळ फारशी दिसत नाही. त्यांना माझं म्हणणं नीट समजतं, याचा मला विशेष आनंद आहे. यापुढे मला दुभाषी लागणार नाही."

मावशीचं तोंड मिटलं. आई कानांवरचे हात न काढता तशीच बसली होती. खोलीत कुणाचेही ओठ हलत नव्हते.

आणि बारकीला पुढचं वाक्य ऐकू आलं.