जरा थांबा

दार उघडलं, तर तो माणूस अजून तिथेच उभा.

ती कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला निघाली होती. केसांत खोचलेली लाल पेन्सिल, पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला... कुणाला भेटायचा हा अवतार नव्हे. तो मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नीट भांग पाडून, दोन्ही हातांत मोबाइल धरून जिन्याच्या कठड्याशी उभा होता.

"तुम्ही अजून इथेच?"

"तुम्हीच म्हणालात ना, जरा थांबा," तो म्हणाला. मग मनगटाकडे बघून त्याने अगदी सौम्यपणे पुढे जोडलं, "तेवीस मिनिटं झाली. पण आता घाई नाही... अकराला मोबाइलवर व्हिडिओ-मुलाखत होती."

हातातली पिशवी तशीच राहिली.

तर झालं होतं असं. ती मुद्रितशोधक होती, म्हणजे शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका काढणारी. घरी बसून हे काम करायची आणि ते इतकं जीव ओतून करायची, की छापखान्यातले लोक तिला कानामात्रा म्हणायचे. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. ज्याचं त्याला पोहोचवायचं, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरच्या वायफायचा पासवर्डही त्यांनी साऱ्या इमारतीत पोहोचवला होता. तोही काय, एक ते आठ आकडे ओळीने. तळमजल्यावरच्या काकू त्यावर मालिका बघायच्या, समोरच्यांची तिन्ही मुलं खेळ खेळायची. आणि हिच्या आठवीच्या विज्ञानाची पानं ऐन मुदतीच्या दिवशी जाता जाईनात. पडद्यावर नुसतं चक्र गरगरत होतं.

"बाबा, हा वायफाय आहे, रस्त्यावरचा नळ नाही," ती म्हणाली आणि रविवारी सकाळी तिने कंबर कसली. राउटरचा डबा उलटा केला, खालच्या चिठ्ठीवरचे मुंगीएवढे आकडे बाबांच्या भिंगातून वाचले, संगणकावर त्याचं पान उघडलं. जुना पासवर्ड खोडून नवा घालायचा, एवढंच तर काम. पण निदान आठ अक्षरं हवीत म्हणे. ती दोन मिनिटं विचारात पडली आणि मग एकदम हसली.

तिने लिहिलं 'जरा थांबा'. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता.

आता हे दोन शब्द तिला सुचले ते काही उगाच नव्हेत. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ दोन महिन्यांसाठी म्हणून परगावी गेला होता. दर फोनवर तो 'जरा थांब' म्हणायचा. ती दीड वर्ष थांबली. मग एक दिवस त्याच्या लग्नाची बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला, की यापुढे कुणासाठी म्हणून थांबायचं नाही. निदान त्या शब्दांचा काही उपयोग तरी होऊ दे, असं तिला वाटलं असावं.

आणि उपयोग झाला. काकू पासवर्ड विचारायला आल्या, ती हसून "जरा थांबा" म्हणाली आणि आत गेली. काकू थांबल्या, कंटाळल्या, गेल्या. समोरच्यांचंही तेच झालं. खोटं बोलायला नको आणि नाही म्हणायला नको. सापही मेला, काठीही शाबूत राहिली. बाप-लेक दाराआड तोंडावर हात ठेवून हसायची.

चौथ्या दिवशी हा आला. वरच्या मजल्यावर तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेला घड्याळं दुरुस्त करणारा. बाबा त्याला नुसतं 'वरचा' म्हणत. त्याला पासवर्ड कधी दिला, हे त्यांनी लेकीला सांगितलंच नव्हतं. त्याने नम्रपणे विचारलं, तिने त्याच्याकडे धड न बघता ते दोन शब्द उच्चारले आणि दार लावलं. तो आपला थांबला. बिचाऱ्याला वाटलं, पासवर्ड लिहिलेला कागद शोधायला गेली असेल.

"अहो, तोच पासवर्ड होता!" ती आता कळवळून म्हणाली.

"कोणता?"

"जरा थांबा."

"थांबतो की," तो म्हणाला.

मग त्याच्या डोक्यात आधी प्रकाश पडला आणि नंतर डोळ्यांत हसू आलं. तो कठडा धरून असा हसला, की ती रडकुंडीला आलेली असूनही तिला हसू फुटलं.

मग तिने वेळ घालवला नाही. त्याला सरळ आत ओढलं, टेबलावरचं आठवीचं विज्ञान बाजूला सारलं आणि राउटरच्या पुढ्यात खुर्चीवर बसवलं. मुलाखत घेणारे दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या मनोऱ्याची देखभाल बघत होते. मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा वर्षं बंद होतं. ते पुन्हा चालू करणारा माणूस त्यांना हवा होता. पंचवीस मिनिटं उशिरा उगवलेल्या घड्याळवाल्याला बघून त्यांचे चेहरे काय झाले असतील, ते सांगायला नको. पण त्याने सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली. पलीकडून खो-खो हसण्याचा आवाज आला. त्यातला सर्वांत वयस्कर आवाज म्हणाला, की ज्याला सांगितलं तेवढं थांबता येतं, तोच असल्या कामाचा. बाकीच्यांना विचारून महिनाभरात कळवू.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी श्वास रोखून ऐकत होती. हातातली कचऱ्याची पिशवी अजून सुटली नव्हती.

तो महिना कसा गेला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो आधी आभार मानायला आला. मग भिंतीवरचं घड्याळ आठ मिनिटं मागे आहे, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून ते उतरवून न्यायला आला. मग ते परत लावायला. मग नीट चाललंय का ते बघायला. घड्याळ चोख चाललं होतं, तरी तो दर दोन दिवसांनी बघून जायचा.

तिनेही हिशेब चुकता केला. त्याच्या दारावरच्या पाटीवर 'घड्याळ दुरूस्ती' असं लिहिलं होतं. वर पाणी येतंय का हे विचारायला म्हणून ती गेली, आणि येताना लाल पेन्सिलीने त्यातला 'रू' ऱ्हस्व करून आली.

"ऱ्हस्व-दीर्घाने घड्याळ मागे पडतं का?" त्याने विचारलं.

"घड्याळ नाही पडत. वाचणारा अडखळतो."

"माझी पाटी वाचायला जिना चढून कोण येतंय?"

तिचे कान लाल झाले. त्याने दुसऱ्या दिवशी पाटी नव्याने रंगवली.

बाबांना हे सगळं दिसत होतं. पोस्टातला माणूस, बंद पाकिटावरून आतला मजकूर ओळखणारा. त्यांनी आत्याला फोनवर सांगितलं, "वर चांगला आहे हो." तिने आतून तिथल्या तिथे दुरुस्ती केली, "वरचा. वरचा म्हणा, बाबा." बाबा फोनवर हात ठेवून म्हणाले, की त्यांच्या बोलण्यात एकही चूक नाही.

एका संध्याकाळी बाबांनी चहा पिता पिता त्याला सहज विचारलं, "काय रे, काल तुझा नेटवाला आला होता, त्याला जिन्यातूनच परत का पाठवलंस? तुझी स्वतःची जोडणी झाली असती की."

त्याच्या घशात चहा अडकला. तो म्हणाला, "ते... काका, इथला चांगला चालतो."

तिने मान खाली घालून सहावीचा भूगोल वाचायला घेतला. त्या संध्याकाळी एका नदीचा उगम दोनदा झाला आणि तिच्या नजरेतून तो सुटला. अशी चूक तिच्या हातून नऊ वर्षांत झाली नव्हती.

आणि मग एका गुरुवारी पत्र आलं. काम त्याला मिळालं होतं. चार महिन्यांचं काम, येत्या रविवारीच निघायचं.

तो पत्र घेऊन धावत खाली आला तेव्हा तिला खरोखर आनंद झाला. अकरा वर्षं बंद पडलेलं घड्याळ चालू करायला मिळणं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. तिने अभिनंदन केलं, बाबांनी पाठ थोपटली. पण 'चार महिने' हे शब्द तिच्या कानांत बसले ते बसलेच. तो आधीचा गृहस्थही दोनच महिने म्हणून गेला होता ना. तिला भीती वाटली. सरळ सांगायचं तर तिला याचा रागसुद्धा आला, आणि याची काही चूक नाही हे ठाऊक असल्यामुळे जास्तच आला.

निघताना तो दाराशी घुटमळला. बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि जिन्याच्या खिडकीतून ओला वारा येत होता.

"एक विचारू?"

"विचारा."

"मी त्या दिवशी तुमच्या दारात तेवीस मिनिटं थांबलो होतो," तो म्हणाला. "आता तुम्ही... माझ्यासाठी जरा थांबाल? चार महिने. खोली मी सोडत नाहीये. हत्यारंही अर्धी इथेच ठेवतोय."

किती दिवसांनी कुणी तिला हे विचारलं होतं. नाही, चुकलं. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या दुसऱ्याने फक्त सांगितलं होतं.

"मला विचार करायला हवा," ती म्हणाली.

"हो तर," तो म्हणाला आणि जिना चढून गेला. त्याच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत ती दार धरून उभी राहिली.

शुक्रवार गेला. तो खाली आला नाही, भिंतीवरचं घड्याळ बघायलासुद्धा नाही. तिने तीन वेळा जिन्याकडे बघितलं आणि तिन्ही वेळा स्वतःला दटावलं. मग संध्याकाळी तिला एक साधी गोष्ट उमगली. आपण थांबायचं की नाही, हे ठरवायला बसलोय, पण मघापासून आपण करतोय काय? थांबलोच तर आहोत. मग ते निदान कळवावं तरी.

शनिवारी सकाळी नऊ वाजता तिने राउटरचं पान उघडलं. दहा अक्षरांकडे ती थोडा वेळ बघत बसली. मग रोज पुस्तकांवर करायची तेच तिने केलं. जिथे चूक होती तिथे खोडलं, जिथे कमी होतं तिथे जोडलं, आणि डोळे मिटून 'सेव्ह'वर बोट दाबलं.

चार मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली.

"नेट गेलं," तो दारात म्हणाला. केस विसकटलेले, हातात मोबाइल, चेहरा पार पडलेला. "पासवर्ड बदललात?"

"दुरुस्त केला."

"म्हणजे... आता मी जुना वापरायचा नाही, असंच ना?"

"जुन्यात थोडी चूक होती." केसांतली पेन्सिल काढून तिने ती बोटांत फिरवली. "शेवटचा काना काढलाय. त्या जागी मात्रा दिलीय. आणि पुढे एक 'न' जोडलाय. घाला."

त्याने मोबाइलवर एकेक अक्षर घातलं. जरा... थांब... इथवर ठीक होतं. काना काढला. मात्रा दिली. 'न' जोडला. मग त्याचा अंगठा तिथेच थबकला. त्याने ते मनात वाचलं, मग ओठांनी वाचलं, आणि मग मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"जरा थांबेन," तो म्हणाला.

"शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

"मला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. "पण असं बरोबर मी आजवर काही वाचलेलं नाही."

"चार महिने म्हणजे चारच. पाचवा लागला, तर मी स्वतः येऊन मनोऱ्यावर चढेन आणि घड्याळाचे काटे काढून आणेन."

"ये ना," तो म्हणाला. मग जीभ चावून, "या..."

"ये चालेल," ती म्हणाली. "लागलं का नेट?"

त्याने मोबाइलकडे बघितलंच नाही. "लागलं," तो म्हणाला. आणि तिचा पेन्सिलीचा हात त्याने पेन्सिलीसकट हातात घेतला. घड्याळाच्या बारीक चाकांची सवय असलेली ती बोटं. तिने हात सोडवला नाही.

तेवढ्यात आतून बाबांची हाक आली. त्यांच्या फोनवरचं नेट गेलं होतं, टीव्हीवरचंही गेलं होतं, आणि नवा पासवर्ड काय, असं ते विचारत होते.

"जरा थांबा," दोघं एकाच वेळी म्हणाले.

बाबांनी चष्मा लावला आणि ते दोन शब्द निमूटपणे फोनमध्ये घातले. एकदा घातले, दोनदा घातले. काही केल्या लागेना. तेव्हा त्यांनी मान उंचावून दाराकडे बघितलं, दाराशी काय चाललंय ते बघितलं, फोन खाली ठेवला आणि ते सुखाने थांबले.