ऐंशीच्या वर नाही

आजऱ्याच्या इंदुमती खोत यांच्या पत्राला डॉ. श्रीपाद घैसास यांनी तीन वर्षांत उत्तर पाठवले नव्हते. सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेच्या टेबलावर तो बंद पडलेला हृदयपंप ठेवला गेला, तेव्हा त्यांना सर्वांत आधी आठवले ते तेच पत्र.

पंप मुठीत मावेल एवढा. दुबळ्या हृदयाचे अर्धे काम तो करी. त्याची बॅटरी शरीराच्या आतच असे. छातीवर प्रभारण पट्टा बांधला की कातडीच्या आरपार वीज आत जाई आणि पट्ट्यावरच्या तबकडीत भारांक दिसे, शून्य ते शंभर. बॅटरी थकली की छाती पुन्हा उघडायची. म्हणून ती शक्य तितकी जास्त वर्षे टिकवणे हे घैसासांचे काम होते, आणि त्यासाठी त्यांनी जगजाहीर असलेली एक साधी सवय उचलली होती. मोबाईल जसा वीसच्या खाली जाऊ देऊ नये, ऐंशीच्या वर भरू नये आणि तापू देऊ नये, तसाच पंपही. काठोकाठ भरलेली बॅटरी आतून ताणली जाते, रिकामी झालेली खचते. प्रत्येक रुग्णाला दिलेल्या पत्रकावर त्यांनी ठळक छापून घेतले होते : ऐंशीच्या वर नाही. प्रवासासाठी, वीज गेली तर, म्हणून शंभरपर्यंत भरण्याची सोय यंत्रात होती. पण ती कोणी वापरत नसे.

“हा ज्यांच्या छातीत होता ते अकोल्याचे गृहस्थ डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते म्हणून वाचले,” डॉ. नसीम मुजावर म्हणाल्या. पंपातली मोजणीची सगळी यंत्रणा त्यांनी बांधलेली होती. “इस्पितळातच होते, लगेच बाहेरचं यंत्र लावता आलं. पंप थांबला तेव्हा तबकडीवर आकडा काय होता, सांगू? चौतीस.”

“आणि बॅटरीत?”

“काहीच नाही. पूर्ण रिकामी.”

घैसास खुर्चीत बसले.

मुजावरांनी कागदावर एक रेघ काढली. मधला बराच भाग सपाट, दोन्ही टोकांना वळलेला. या जातीच्या बॅटरीचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मध्ये जवळजवळ बदलतच नाही. पंचवीस असो की सत्तर, बाहेरून सारखेच दिसते. त्यामुळे यंत्र आत किती गेले आणि बाहेर किती आले याची बेरीज-वजाबाकी करत राहते. रोज तबकडीवरच्या एका अंकाचे तीन शतांश चुकते, आणि नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच दाखवते. ती चूक पुसली जाते ती फक्त बॅटरी पूर्ण भरल्यावर. तिथे दाब एकदम चढतो आणि यंत्राला कळते की हे शंभर.

“आणि आपण त्यांना शंभरपर्यंत जाऊच दिलं नाही,” घैसास म्हणाले.

“अकराशेहून जास्त दिवस. मी धरून चालले होते की माणसं अधूनमधून विसरतील, पट्टा राहून जाईल आणि भरेल एखाद्या वेळी. पण सर, तुमचं पत्रक लोकांनी पोथीसारखं पाळलंय.”

अकोल्याचे धरून एकूण एकेचाळीस रुग्ण. पंपाला बाहेरच्या जगाशी मुद्दामच जोडलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाला फोन करून आत्ताच पट्टा बांधा, पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत काढू नका, असे सांगण्यावाचून इलाज नव्हता. बारा वाजेपर्यंत एकोणचाळीस जण सापडले. बहुतेकांनी आधी विचारले की सर रागावणार नाहीत ना.

राहिले ते खोत, इंदुमतीबाईंचे यजमान. त्यांचा पंप सर्वांत जुना, अकोल्याच्या पंपापेक्षाही दोन महिन्यांनी. मुजावरांनी हिशेब मांडला : त्यांच्या तबकडीवर छत्तीस दिसत असतील, तेव्हा आत शून्य. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हते. आजऱ्याच्या दवाखान्यातून गाडी निघाली होती, पण घर गावाबाहेर होते.

घैसासांनी फाइलमधून पत्र काढले. बाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अक्षर टपोरे. ‘आमच्या पोस्टातला काटा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पितळी वजनं ठेवून तपासत असू. रोजच्या वापरात काटा हळूहळू खोटं बोलू लागतो. तुमची तबकडी कोणत्या वजनावर तपासायची? पहिल्या तारखेला एकदा पूर्ण भरून पाहिलं तर चालेल का? उलट टपाली कळवावे.’

सगळे या पत्रात होते. तीन वर्षांपूर्वी.

एक वाजायला दहा मिनिटे असताना फोन उचलला गेला. मुजावरांनी तो घैसासांच्या पुढे सरकवला. फोनवर बोलायचे म्हटले की घैसासांना घाम फुटे. आज त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

“बाजारला गेले होते,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “आणि हे कधी फोन उचलत नाहीत. कोण बोलतंय?”

घैसासांनी नाव सांगितले आणि विचारले, तबकडीवर आकडा किती आहे?

बाई आत गेल्या, आल्या. “एकतीस.”

मुजावरांनी डोळे मिटले. छत्तीसला शून्य, तर एकतीस हा आकडा दिसूच शकत नव्हता. त्याच्या आधीच पंप थांबायला हवा होता.

“बाई,” घैसासांनी विचारले, “खोत... कसे आहेत?”

उत्तर दुसऱ्याच आवाजात आले, लांबून आणि वैतागून : “कोन हाय गं? भाकरी कवा टाकनार?”

“ऐकलंत ना?” बाई म्हणाल्या. “उत्तराची महिनाभर वाट बघितली. नाही म्हणून कळवलं नाहीत, म्हटलं हरकत नसणार. तेव्हापासून दर एक तारखेला शंभर भरते. चुकलं का माझं?”

“नाही. तुमचं बरोबर होतं.”

“मग तसं लिहून पाठवा. फोनवरचं मी उत्तर धरत नाही.”

फोन ठेवल्यावर मुजावर हसल्या आणि लगेच डोळे पुसत खिडकीकडे गेल्या. घैसास पत्राकडे पाहत राहिले. त्याच्या मागे टाचणीने लावलेला आणखी एक कागद होता, त्यांच्याच अक्षरातला. उत्तर त्यांनी पत्र आले त्याच दिवशी लिहिले होते. ‘पूर्ण भार कदापि करू नये. बॅटरीचे आयुष्य घटेल. तबकडी अचूक आहे, तपासणीची गरज नाही.’ मग ‘कदापि’ फार कडक वाटतो का, या विचारात ते उद्यावर टाकले होते. आणि उद्या असे खूप आले.

हे वेळेवर पोचले असते, तर बाईंनी ते पाळले असते. आज आकडा विचारायला खोतच उरले नसते.

त्यांनी नवा कागद घेतला. बॅटरीसाठी वीस ते ऐंशी बरोबर. तबकडीसाठी महिन्यातून एकदा शंभर. पूर्ण भरण्याने बॅटरीचे जे थोडे आयुष्य जाईल ते जाऊ द्यावे. यापुढे सर्व रुग्णांना तुमचीच पद्धत सांगतो आहोत. मग दोन्ही कागद एकत्र घडी करून त्यांनी एकाच पाकिटात घातले.

“जुनं कशाला पाठवता, सर?” मुजावरांनी विचारले. “आता कोणाला कळणार आहे?”

“त्यांनी उत्तर मागितलं होतं,” घैसास म्हणाले. “माझं उत्तर हे होतं.”

पोस्ट बंद व्हायला पाऊण तास होता. ते चालत गेले, रजिस्टर करून पावती घेतली, आणि कारकुनाने पाकीट मागच्या पिशवीत टाकेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.