सात मिनिटांचा संशय

जिन्यात तिच्या हातातल्या कागदांच्या सुरळ्या निसटल्या आणि खालून येणाऱ्या एका उंच तरुणाने त्या अलगद झेलल्या.

"नकाशांचं ऑफिस हेच ना? मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला."

"ओळखपत्र बघू."

शाळेच्या पुस्तकांचे नकाशे काढणारी ही मुलगी जन्माची संशयी. आरशालाही ओळखपत्र मागेल, असं तिची ताई म्हणायची. सध्या तिचं सॉफ्टवेअर दिवसातून दहादा बंद पडायचं आणि उघडायला सात सात मिनिटं घ्यायचं. शुक्रवारी नकाशे मिळाले नाहीत तर पुस्तक दुसऱ्याकडे जाईल, असं संपादकबाईंनी बजावलं होतं.

त्याने सॉफ्टवेअरला जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, त्यांतले निम्मे बंद केले, मग उरलेल्यांतले निम्मे... शेवटी एक जुनापुराणा प्लगइन सापडला. तो काढताच सॉफ्टवेअर अर्ध्या मिनिटात उघडलं. जाताना तो हसला. ते हसणं तिला आवडलं, आणि म्हणूनच संशय आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन मिनिटं. तिसऱ्या दिवशी पाच! तो रोज येई, शेजारी बसे.

"तुम्ही मशीनकडे बघताय की माझ्याकडे?"

"मशीन उघडेपर्यंत... दुसरं काय बघू?"

ती लाजली, मग लाजल्याबद्दल स्वतःवरच चिडली. गुरुवारी तिनेच सगळं उचकलं. सॉफ्टवेअरबरोबर आपोआप सुरू होणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, निघाली, नेमकी तो पहिल्यांदा आला त्या तारखेची.

"मुद्दाम ठेवलीत ना? रोज इथे यायला मिळावं म्हणून!"

त्याचा चेहरा पडला. "कोणता प्लगइन किती वेळ खातो, ते मोजायला टाकली होती. काढायचीच विसरलो. दर वेळी जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचत बसते ती..."

"आणि तुम्हाला रोज येऊन सापडली नाही?"

"तुमचेच प्लगइन धुंडाळत होतो. स्वतःवर संशय घ्यायचं सुचलंच नाही."

तिचा विश्वास बसेना. पण थोड्या वेळाने संपादकबाईंच्या दारातून त्याचा आवाज आला.

"उशीर माझ्यामुळे झाला, बाई. त्यांना सोमवारपर्यंत वेळ द्या. आमच्या साहेबांनाही मीच सांगतो."

"अहो, नोकरी जाईल तुमची!" संपादकबाई म्हणाल्या.

"जाऊ दे. पुस्तक त्यांच्याकडेच राहू दे."

इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं.

सोमवारी तिने नकाशे दिले. मंगळवारी सॉफ्टवेअर अकरा सेकंदांत उघडलं, आणि दारात तो उभा!

"नोकरी?"

"वाचली. बोलणी खाल्ली पोटभर."

"मग आज कशाला आलात? मशीन तर ठणठणीत आहे."

"म्हणूनच आलो. आज तरी बहाणा म्हणता येणार नाही... तुम्ही मला आवडता."

तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बसा. पण हे खरं आहे का, ते मी रोज तपासणार."