कठड्यापलीकडचा बगळा

स्टुलावर चढूनही तिचा हात खिळ्यापर्यंत पोचेना. उद्या सकाळी प्रदर्शन उघडायचं होतं आणि शेवटची चौकट अजून हातातच होती. पिवळट पडलेल्या कागदावरचा बगळा, तिचं सगळ्यात जुनं चित्र. इतक्यात मागून कुणीतरी ती चौकट अलगद काढून घेतली आणि टाचाही न उचलता भिंतीवर टांगली.

"अजून बुटकीच राहिलीस," मागचा आवाज म्हणाला.

"आणि तू अजून जिराफच." ती लगेच वळली मात्र नाही. आधी स्टुलावरून सावकाश उतरली.

प्रदर्शन तिघांचं होतं. एका दालनात या दोघांच्या जुन्या सरांनी रंगवलेली माणसं, दुसऱ्यात तिचे पशुपक्षी, तिसऱ्यात या जिराफाची निसर्गचित्रं. पत्रिकेवर त्याचं नाव वाचलं आणि तिने लगेच होकार कळवला. कॉलेज सुटलं तेव्हा तिला दूरच्या शहरात, संग्रहालयात पक्षी चितारायची नोकरी लागली होती. तो 'थांब' म्हणेल म्हणून ती अगदी निघेपर्यंत वाट बघत राहिली. तो म्हणाला, "चांगली नोकरी आहे, जा." ती गेली. राग केव्हाच निवला. वाट बघणं तेवढं संपलं नाही.

बगळ्याकडे बघून तो थोडा गोंधळला. "चल... एक दाखवायचंय."

त्याच्या दालनात सर एका मोठ्या चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. "हा बघ तुझा वर्गमित्र," ते तिला म्हणाले. "पुलावर गेला नदी काढायला आणि काढून आणला कठडा. एवढा ताडमाड माणूस, याला पलीकडचं दिसलं नाही?" मान हलवत ते चहाच्या शोधात निघून गेले.

ती बघतच राहिली. चित्रभर शेवाळलेला दगडी कठडा, वर बोटभर आभाळ. कॉलेजातली ती दुपार तिच्यापुढे जशीच्या तशी उभी राहिली. छोट्या स्टुलावर कागद घेऊन ती बसलेली, नाकासमोर कठडा. आणि शेजारी उभा राहून तो तिला पलीकडचं सांगतोय... बगळा उतरलाय बघ. आता मान वाकडी केली. आता एक पाय वर घेतला... ऐकून ऐकून ती काढत गेली. तिचा पहिला पक्षी तो.

"तुला दिसत होतं तेवढंच काढलंय," तो खाली बघत म्हणाला. "पण एक सांगायचं राहिलंय... रागावू नकोस. तिथे बगळा नव्हताच."

"मग?"

"तू कंटाळून उठून जाशील असं वाटलं. म्हणून ठोकून दिलं. थापा मारून एकदा बसवून घेतलं होतं तुला... पुन्हा 'थांब' कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?"

तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. त्याचं बोट धरून तिने ते चित्राच्या खालच्या अंगाला टेकवलं.

"चित्र चुकलंय तुझं. इथला एक दगड निखळला होता. बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर."

"म्हणजे?"

"म्हणजे नदी दिसत होती मला. रिकामी."

"मग काढत कशाला बसलीस?"

"तू बोलत होतास ना..."

त्याचं बोट अजून तिच्या मुठीतच होतं.

"प्रदर्शन संपलं की निघणार आहे मी," ती म्हणाली. पुढचं त्याने बोलायचं होतं.

"थांब," तो म्हणाला. "नको जाऊस."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती त्या रंगवलेल्या कठड्यापुढे बसली.

"मग सांग," ती म्हणाली. "आता काय करतोय बगळा?"