एका नळीचा धूर

टोस्टर खटकन उडाला आणि डेला दचकली. इतका वेळ घरात दुसरा आवाजच नव्हता.

समोर बसलेल्या बर्निस ओयाला यांनी काठी टेबलाला टेकवली.

"रडायचं असेल तर आधी रडून घे, पोरी. मी थांबते."

"रडून झालंय, बर्निसबाई."

"मग सांग."

बर्निसबाई खासगी तपासनीस होत्या. विमा कंपन्यांसाठी अपघात तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता खुबा साथ देत नव्हता, त्यामुळे गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसून बघत राहायचं.

डेलाने सांगितलं. मंगळवारी उजाडायच्या आत मिल रोडवर चर्चचे ऑर्गनवादक वॉल्टर बीम यांना एका गाडीने उडवलं. गाडी निघून गेली. वॉल्टर बर्फात पडून होते, बराच वेळ जिवंत होते. लगेच कुणी उचललं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. शेरीफने डेलाच्या नवऱ्याला, कॉर्बिनला, उचललं.

"त्यालाच का?"

"मिसेस पाइकनी खिडकीतून गाडी पाहिली. गडद रंगाची सेडान, मागे एकच सायलेन्सर. त्या मॉडेलच्या काळ्या गाड्या गावात बऱ्याच आहेत, माझ्या बाबांकडेही आहे. पण त्या सगळ्या मोठ्या इंजिनाच्या, मागे दोन नळ्यांच्या. एका नळीची स्वस्तातली गाडी फक्त आमची. त्यात पुढचा बंपर फुटलेला."

"तो कशाने फुटला?"

"हरणाने. नोव्हेंबरात." डेलाने टोस्ट बशीत काढून ठेवला. "दहा वर्षांची शिक्षा होईल म्हणतात. आमची ज्यूनी सहा वर्षांची आहे हो."

तुरुंगातल्या काचेपलीकडे कॉर्बिन दाढी वाढवून बसला होता.

"आता हरणाला साक्षीला बोलावू का मी?" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "बाई, रात्रपाळी करून मी हायवेने घरी आलो. एकटाच होतो. कोण सांगणार?"

"सासरे काय म्हणतात?"

"लायलबाबा? ते म्हणतात, धीर धर, हा पुरावा कोर्टात टिकणार नाही. मला इथे आणल्यापासून तेवढंच म्हणतायत."

बर्निसबाईंनी मान हलवली आणि काठी उचलली.

हेस्टर पाइक यांच्या दारात डेलाला बघून त्या म्हातारीचा चेहरा पडला. तरी तिने दोघींना आत घेतलं.

"तुझ्या नवऱ्याशी माझं काही वैर नाही गं. पण सगळी नोकरी सायलेन्सरच्या नळ्या वाकवण्यात गेली माझी. पाठमोरा नवरा ओळखणार नाही मी, पण गाडी ओळखते!"

"ओळखलंत ते राहू द्या," बर्निसबाई म्हणाल्या. "दिसलं काय, तेवढंच सांगा."

म्हातारीने जरा घुश्शात नाक मुरडलं. मग तिने डोळे मिटले.

"लाल दिवे. गाडी उभी. डाव्या अंगाने धुराची एक रेघ, सरळ वर. वारा नव्हता. उजव्या अंगाला काही नाही. आमच्या वेळेला दोन नळ्या म्हणजे दोन धूर, एक धूर म्हणजे एक नळी. त्यात काय चुकायचंय?"

"आणि निघाली तेव्हा?"

"तेव्हा सगळं पांढरंधोप. दोन्हीकडचे दिवेसुद्धा दिसेनात."

"उभी किती वेळ होती?"

"चहाची किटली उकळेपर्यंत. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतोय." तिने डोळे उघडले. "बर्फाच्या ढिगाआड वॉल्टर पडलाय हे मला दिसलं नाही हो. खरंच नाही दिसलं."

बर्निसबाई काठी टेकत उठल्या.

परतीच्या वाटेवर बर्निसबाईंनी विचारलं, "तुमच्या गाडीची नळी कुठल्या बाजूला?"

"उजव्या." डेलाने करकचून ब्रेक दाबला. "म्हणजे... कॉर्बिन सुटला?"

"नाही. सरकारी वकील म्हणेल, म्हातारीचा डाव्या-उजव्यात घोटाळा झाला. ती गाडी कुणाची हे दाखवावं लागेल. चल, तुझ्या वडलांकडे."

"बाबांकडे कशाला?"

"ज्यूनीला आणायचंय ना?"

लायल ड्रोबनी यांची सेडान अंगणात उभी होती. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने छतापासून चाकांपर्यंत पांढुरकी झालेली. पुढचा बंपर तेवढा काळा, लखलखीत. मागे डाव्या नळीखालचा बर्फ वितळून खळगा पडला होता आणि त्यावर काजळी धरली होती. उजव्या नळीखालचा बर्फ तसाच, दुधासारखा.

"सकाळी बराच वेळ तापवता वाटतं गाडी?" बर्निसबाईंनी विचारलं.

"म्हातारी हाडं, बाई. थंड सीटवर बसवत नाही." लायल दारात येऊन उभे राहिले. हातात ज्यूनीचे मोजे. "पण माझ्याकडे काय बघता? माझ्या गाडीला दोन नळ्या आहेत."

"मंगळवारी कुठे होतात?"

"कुठे असणार? डेलाची बेकरीत सकाळची पाळी, कॉर्बिन रात्रपाळीला. पोरीजवळ मीच असतो."

"हो ना," डेला मध्येच म्हणाली. बाबांना असं विचारलेलं तिला रुचलं नव्हतं. "मिल रोडने रोजच्यासारखे आले. थंडी फार म्हणून गाडी आमच्या गॅरेजमध्ये घातली. एरवी बाहेर लावतात. ज्यूनीला पॅनकेकही करून घातले."

लायलनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते डेलाला तेव्हा कळलं नाही.

"लायल," बर्निसबाई हळू आवाजात म्हणाल्या, "किल्ली डेलाला द्या."

डेलाने गाडी चालू केली आणि उतरून मागे आली. डाव्या नळीतून वाफाळ धुराची रेघ सरळ वर चालली होती. उजवी नळी कोरडी.

"बिघडलीय का?"

"नाही, अशीच बनवलीय. उजव्या नळीत झडप आहे. गाडी जागेवर उभी असली की ती मिटते, म्हणजे आवाज कमी होतो. पाय दाबला की उघडते." बर्निसबाईंनी उघड्या दारातून काठीचं टोक आत घालून ॲक्सिलरेटर दाबला. दोन्ही नळ्यांतून पांढरा लोट उसळला. "हेस्टरबाईंनी पाहिलं ते अगदी खरं. त्यांच्या जमान्यात ही झडप नव्हती, म्हणून पाहिलेल्यावरून त्यांनी चुकीची गाडी ओळखली. त्यांच्या शब्दाला गावात वजन, म्हणून शेरीफने दोन नळ्यांच्या गाड्या पाहिल्याच नाहीत."

"पण अशा गाड्या बऱ्याच आहेत!" डेला ओरडली.

"आहेत. त्यातल्या किती त्या सकाळी मिल रोडने आल्या? किती गाड्या त्याच दिवशी गॅरेजमध्ये लपल्या? आणि मिठाने माखलेल्या गाडीचा एवढा बंपरच कसा कोरा? तो नवा आहे, डेला. मिठाच्या रस्त्यावर फारसा आलाच नाही अजून."

लायल पायरीवर बसले. मोजे अजून हातातच होते.

"कॉर्बिन सुटेल असं वाटलं होतं मला," ते पुटपुटले. "देवाशपथ. रोज वाटायचं, उद्या सांगू."

"बाबा," डेला म्हणाली. नवरा परत मिळत होता, आणि त्याच क्षणी हातातून दुसरं काहीतरी निसटत होतं.

"शेरीफला मी अर्ध्या तासाने फोन करणार आहे," बर्निसबाई म्हणाल्या. "त्याआधी तुम्ही केलात तर बरं. झडप मिटली होती, लायल. म्हणजे गाडी थांबली होती, इंजिन चालू होतं, आणि तुम्ही आत होतात. किटली उकळेपर्यंत. हे तुम्हीच सांगितलेलं बरं."

लायल उठले. भिंतीला धरत आत गेले. फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला, मग त्यांचा खोल गेलेला स्वर.

डेलाने वाकून गाडी बंद केली. वर पाहिलं तर ज्यूनी दारात उभी होती, अनवाणी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

डेलाने तिला उचलून घेतलं आणि तिची थंडगार पावलं आपल्या कोटात गुंडाळली. पोरगी आईच्या खांद्यावरून आतल्या फोनकडे, आजोबांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली.

"आई," ती कानात म्हणाली, "आजोबा थांबले होते ना? मग खाली का नाही उतरले?"