काटा निघाला त्या दुपारी

“आज प्रांजलला चर्चात ने गं. गळ्यावर मेणबत्त्यांची फुली ठेवतात. मगच त्याला मासे दे.”

शेजारच्या रेजिना आंटी सकाळीच बजावून गेल्या होत्या.

“जुन्या काळातल्या एका बिशपचा दिवस आहे. राजाची माणसं मागे लागलेली, गुहेत लपला होता बिचारा. धरून नेताना वाटेत एका पोराच्या घशातला काटा काढला त्याने. आणि त्यालाच लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी सोलून मारलं मेल्यांनी.”

दीप्ती हसली. “आंटी, आम्ही मालवणी. आमच्या पोरांना दातांच्या आधी काटेरी पेडवे लागतात!”

ही दीप्ती माझी धाकटी जाऊ. मरोळला चौथ्या मजल्यावर राहते, नवरा मुकुल बोटीवर. गेल्या फेब्रुवारीत तिच्या घरात घडलं, तेच सांगतेय. हसायचं तर खुशाल हसा.

भर दुपार होती.

तीन वर्षांचा प्रांजल जेवता जेवता एकदम गप्प झाला…

काटा!

दीप्तीने आपल्याकडे करतात तेच केलं. कोरड्या भाताचा गोळा त्याच्या तोंडात कोंबला. “गीळ सोन्या, गीळ!”

तिथेच वाट लागली. गोळाही अडकला.

खोकला बंद. रडणं बंद. ओठ निळे.

तिने त्याला उलटा धरला, पाठीत थापट्या मारल्या. आंटींचं दार बडवलं. कुलूप. जिन्यातून वॉचमनला हाका मारल्या. एवढी गजबजलेली सोसायटी… आणि कुठे कुकरची शिट्टीसुद्धा नाही.

“कुणीतरी या हो! कुणीही या!”

जिन्यावरून एक म्हातारा वर आला. अनवाणी. धाप लागलेली. अंगावरच्या लांब झग्याच्या चिंध्या झालेल्या… आणि आतल्या कातडीच्याही.

“मला आत घे, पोरी. ते मागे आहेत.”

“घेते! कुणाला सांगत नाही! पण माझा पोरगा…”

आत येऊन त्याने दोन बोटांची फुली प्रांजलच्या गळ्यावर ठेवली.

गोळा बाहेर पडला. त्यात काटा. पोराने श्वास घेतला.

आणि जिन्यात बूट वाजले… खूप बूट.

दीप्तीने दाराला कडी घातली. मागे वळून बघते तर म्हातारा नाही. मोरीत नाही, पलंगाखाली नाही. खिडक्यांना तर ग्रिल.

बूट दाराशी थांबले.

“आत कोण आहे?”

“मी आणि माझा मुलगा. बस्स.”

बोलता बोलता तिची नजर प्रांजलवर गेली. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता… श्वास रोखून.

बूट खाली उतरल्याचा आवाज काही आला नाही.

डॉक्टर म्हणतात, गळा साफ आहे. पण अजूनही जिन्यात जड पाऊल वाजलं की प्रांजल श्वास रोखून धरतो. आवाज विरेपर्यंत सोडत नाही. ओठ निळे पडतात. दीप्ती पोटच्या पोराच्या पाया पडते. “सोडा हो बाबा त्याला. गेले ते!”

तो फक्त मान हलवतो.

नाही गेले.

कालपासून त्यांची लिफ्ट बंद आहे. अख्खी बिल्डिंग जिन्याने ये-जा करतेय. आणि आज सकाळपासून दीप्ती फोन उचलत नाही. माझं तान्हं तापाने फणफणलंय, चारकोपहून मला हलता येत नाही.

मरोळला कुणी असाल तर एकदा बघून या ना. गावठाणामागची पिवळी बिल्डिंग, चौथा मजला.

फक्त वर चढताना… पायातलं खालीच काढून ठेवा.