बिननावाची छत्री

त्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी म्हातारा बर्फ आणायला निघाला होता. काम एवढंच. लेक गोपिका लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती, सोबत जावई विश्वनाथ. जेवणं झाली तशी दोघं फिरून येतो म्हणून बाहेर पडली, आणि म्हाताऱ्याच्या बायकोचं, प्रयागबाईचं टुमणं सुरू झालं.

"जावईबापू कोमट पन्हं पितीन का? आना न बर्फ."

"मी काय तुहा गडी हाय?" म्हाताऱ्यानं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला, लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि कुरकुरत निघाला.

नागपूरचं वैशाखातलं ऊन ते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर मऊ पडलेलं, चपला चिकटत होत्या. पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता, आणि महाल भागातली जुनी घरं त्या पाण्यात तरंगत होती. चालताना झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

नदीच्या वळणावर ती छत्री. भोसल्यांच्या वेळी कोण्या सरदाराच्या राखेवर बांधलेली. चार दगडी खांब, वर घुमट. सरदार कोण ते कोणालाच ठाऊक नाही, कारण नावाची शिळा लोकांनी केव्हाच उपटून नेली. कोणाच्या तरी न्हाणीत तिच्यावर धुणं बडवत असतील. उरलेल्या दगडांवर खिळ्यानं नावं कोरायची, हा गल्लीचा जुना धंदा. नवं जोडपं तर पहिल्या आखाजीला तिथं जायचंच. नाव दगडात गेलं की संसार पक्का, म्हणे. नवल असं, की कोरलेलं अक्षर तिथं टिकत नसे. उन्हापावसानं जातं, अशी लोकांची समजूत.

तिथं खिळा दिसला की म्हातारा पेटायचा. आधी खाकरायचा, मग ओरडायचा, "कोन हाय रे? बापाची भिंत हाय का?" मास्तर पाहिला नाही, पुढारी पाहिला नाही; अक्षर-दोन अक्षरांपुढे कोणाचं नाव जाऊ दिलं नाही. पानठेल्यावरचा भैय्याजी हसायचा.

"तो सरदार तुहा मामा लागते का गा?"

"कोनाचाच कोनी लागत नाही, म्हनून त सगळ्याइले पाहा लागते!"

बर्फ भुशात, बारदान्यात गुंडाळून म्हातारा परत वळला, आणि छत्रीत त्याला लेक दिसली. शेजारी जावई. खांबाला टेकून, जीभ दातात धरून, जावई खिळ्यानं नाव कोरत होता.

म्हाताऱ्याचा घसा खाकरला. गोपिकेनं वळून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पण जावई तो जावई. लग्नात ज्याचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावलं, त्याला काय बोलायचं? म्हाताऱ्यानं शब्द गिळला.

"या लवकर घरी," तो म्हणाला. "बर्फ इरघळून राहिला."

"हो मामाजी, तुमच्या लेकीचं नाव तेवढं राह्यलं," जावई हसला. पण खिळा मोडला होता. दोघं पुढे गेली.

म्हातारा घटकाभर सावलीत टेकला. वटवाघळांचा उग्र वास होता आणि त्याखाली ओल्या मातीचा, भर वैशाखात. डोळे जड झाले. कुठूनतरी कुजबुज ऐकू आली. गुळाचा खडा जिभेवर घोळवावा तसं कोणी एकेक अक्षर घोळवत होतं. "वि… श्व…"

ऊन लागलं, असं म्हणून तो उठला. सूर्य कलला होता. घरी येऊन बारदाना सोडला, तर बर्फाचा एक कणही विरघळलेला नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या चारुशीलाबाईंकडे चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, मोगरा. बायांनी नव्या नवरीला घेरलं.

"नाव घे वं गोपिके!"

गोपिका लाजत उभी राहिली. "चैत्रगौर झोपाळ्यात, मोगऱ्याची माळ…" आणि थांबली.

"पुढं?"

ओठ हलले, आवाज नाही. बाया हसल्या. मग चारुशीलाबाई नाव सुचवायला गेल्या आणि तोंड उघडंच राहिलं. त्यांनाही येईना. प्रयागबाईलाही येईना. हसणं हळूहळू विझलं.

गोपिका धावत घरी आली. अंगणात बाजेवर जावई आपल्या हाताकडे पाहत बसला होता.

"बाबा…" तिनं म्हाताऱ्याचा सदरा घट्ट धरला. "बाजीवर… ते कोन बसले हायत?"

म्हातारा जवळ गेला. "जावईबापू, तुमचं नाव सांगा बरं."

"सांगतो न…" तो गोड हसला, झोपेतून उठलेल्या लेकरासारखा. "आताच त होतं… इथंच होतं…"

म्हातारा तडक छत्रीकडे निघाला. दिवस मावळत होता. खांबावर हात फिरवला. दुपारी कोरलेली जागा गुळगुळीत होती, जखम भरून यावी तशी. आणि ऊबदार.

मग त्याला सकाळची घागर आठवली. आखाजीला घरोघर पितरांची नावं घेऊन पाणी सोडतात. या सरदाराचं नाव तर लोकांनी शिळेसकट नेलं. हा काय पिईल?

"तुले नावच पायजे न?" म्हातारा हळूच म्हणाला. "चूक माही हाय. साऱ्या गावाले बोललो, घरच्याले नाही बोललो. पोरीच्या कुंकवाचं सोड. माहं घे."

मोडका खिळा तिथंच पडला होता. म्हाताऱ्याला आयुष्यात लिहिता येत होतं ते एवढंच: गिरणीच्या पगारापुरतं स्वतःचं नाव. ज्या दगडासाठी गावाशी भांडला, त्याच दगडात त्यानं ते कोरलं. मान वर न करता. शेवटची वेलांटी झाली तेव्हा आतून कोणी तरी लांब श्वास घेतला…

परत येताना चारुशीलाबाईंच्या अंगणातून गोपिकेचा आवाज आला. "चैत्रगौर झोपाळ्यात, मोगऱ्याची माळ, विश्वनाथरावांचं नाव घेते, सांजेची वेळ!" बाया खिदळत होत्या.

"आलात का हो?" प्रयागबाई म्हणाली. तिला काही वेगळं जाणवलं नाही. तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी भैय्याजीनं ठेल्यावरून हाक मारायला तोंड उघडलं, अडखळला, आणि म्हणाला, "ओ… म्हातारबा!" तेव्हापासून सगळ्यांचा तो म्हातारबाच. इथं, या गोष्टीतही, दुसरं काही लिहिता आलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी म्हातारा गेला. मुलगा नव्हता, म्हणून आखाजीला विश्वनाथ घागरीपुढे बसला. आज्याचं नाव घेतलं, पणज्याचं घेतलं. सासऱ्यासाठी ओंजळ भरली आणि तसाच बसून राहिला. गोपिकेनं आईकडे पाहिलं. प्रयागबाईनं पहिल्यांदाच ते नाव घ्यायला ओठ उघडले… आणि मिटले. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं.

त्याच दुपारी एक नवं जोडपं छत्रीत गेलं होतं. पोरानं खिळा काढला, तर मागून कोणी खाकरलं. वळून बघितलं, कोणी नाही. खांबाशी फरशी ओली होती, आणि त्या ओलीत एक कांदा पडलेला, कोणी आताच खिशातून काढून ठेवावा तसा.